वनीच्या आईचा गजर

शेजारच्या वनितावर मी लई चिडले होते. तिची आई दगडाबाई ऊसतोडीला गेली, पण आवाज मागं ठेवून गेली. आईनं पाठवलेला व्हॉइस मेसेज पोरीनं मोबाइलवर गजर म्हणून लावला होता. रोज पहाटे आमची सामाईक भिंत ओरडायची, "वने, ऊठ! पोलीस व्हायचं का माझ्यासारख्या मोळ्या वाहायच्या?" मग वनिता नेकनूरच्या रस्त्यानं पळायला जायची आणि माझी झोप उडायची.

एकदा भांडायचंच म्हणून मी गजराच्या आधी तिच्या दारात गेले. पोरगी वेणी घालून, बुटाच्या नाड्या बांधून मोबाइलसमोर बसली होती.

"जागीच हायस की! मग गजर कशाला लावतीस?"

"काकू, आईनं हाक मारल्याबिगर पाय निघत न्हाई."

मी आल्या पावली परत फिरले.

परवा रात्रभर लाइट नव्हती. पहाटे मोबाइल वाजलाच नाही. पलीकडं पोरगी बूट घालून बसलेली असणार, हे मला ठाऊक होतं. मी भिंतीवर थाप मारली आणि ओरडले, "वने, ऊठ!"

लगेच तिचं दार उघडलं आणि बुटांचा आवाज रस्त्याकडं गेला.