मालिकेतला वकील

राजनंदिनीला मालिकेतला तो देखणा वकील आवडतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. "आला गं तुझा वकील!" अशी सासूबाईच हाक मारायच्या आणि तिचा नवरा शुभंकर मुद्दाम सरकून तिला टीव्हीसमोर जागा करून द्यायचा.

त्या संध्याकाळी पडद्यावर वकिलाने बाह्या दुमडल्या आणि तिला दुपारी ऑफिसात तशाच बाह्या दुमडून प्रोजेक्टर लावणारा जुनेद आठवला. तिचे कान तापले.

"चक्क लाजलीस!" शुभंकर हसला. "एवढा आवडतो?"

त्याचं ते निर्मळ हसणं तिला सोसवेना. "तो नाही रे," ती हळूच म्हणाली. "ऑफिसात एक जण आहे."

शुभंकरने टीव्हीचा आवाज बंद केला. "काही झालंय?"

"काहीच नाही. त्याला माहीतही नाही. नुसतं मला वाटलं."

"मग मला कशाला सांगितलंस?"



सकाळी नेहमीसारखं त्याने तिला हडपसरला ऑफिसपाशी सोडलं, पण लगेच निघाला नाही. गाडीवर बसून फाटकातून आत जाणाऱ्या एकेका पुरुषाकडे बघत राहिला. आपण गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याचीही लाज वाटली.