बिनटोपीची टेस्ट ड्राइव्ह

वेग ही माणसाची आदिम ओढ आहे आणि जो ती मारून टाकतो तो अर्धाच जगतो, असं गोकुळ सरांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी पत्नीच्या स्कूटीवर मागे बसून बनवलं होतं.

सर बुलढाण्यात अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवायचे. घरी एक जुनी छोटी कारही होती, पण राजूर घाट चढताना तिचा एसी बंद करावा लागे. एकदा तर तिला दम लागला म्हणून पत्नी पुष्पांजलीताईंना उतरून चालावं लागलं, असं सर चारचौघांत सांगत. पुष्पांजलीताईंचं म्हणणं, त्या सीताफळं घ्यायला उतरल्या होत्या.

तर अशा या सरांचा जीव चिखली रोडवरच्या शोरूममधल्या एका काळ्या गाडीवर जडला. मधल्या आकाराची सेडान, पण अंगाने स्पोर्टी. शून्यापासून शंभराचा वेग ती आठ सेकंदांत गाठते, हे सरांना व्हिडिओ पाहून पाठ झालं होतं. प्रत्यक्षात पाहिली तेव्हा मात्र ते आकडे विसरले. ती उभ्याउभ्याच निघाल्यासारखी दिसत होती. लांब बॉनेट, डोळे बारीक केल्यासारखे दिवे, आणि मागचं छप्पर असं उतरत गेलेलं, की पळताना कान पाठीवर पाडलेला ससा आठवावा. दार मिटलं की ठप्प असा गंभीर आवाज येई. सरांनी ते चारदा मिटून पाहिलं. सीट इतकी खाली की पंगतीला बसल्यासारखं वाटत होतं.

"सर, ही गाडी सगळ्यांसाठी नसते," सेल्समन जीवन म्हणाला. जिल्ह्यातल्याच सुलतानपूरचा हा टायवाला गडी दिवसभर प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगे.

पुष्पांजलीताईंनी रात्री जेवताना निकाल दिला. "मला गाडीतलं काही कळत नाही. पण बाबांना सारखं दवाखान्यात आणावं लागतं. त्यांना नीट बसता-उतरता आलं आणि ते 'हाव' म्हणाले, की माझंही हो. 'नाही' म्हणाले, तर ते व्हिडिओ पुन्हा या घरात वाजायचे नाहीत."

म्हणजे वेगाच्या आदिम ओढीचं सगळं गाडं आता उकंडरावांच्या एका 'हाव'वर येऊन थांबलं.

उकंडराव म्हणजे सरांचे वडील. वय पंचाहत्तरीला टेकलेलं, मुक्काम देऊळघाट, धोतर, सदरा आणि डोक्यावर कडक पांढरी टोपी. त्यांनी जन्मात फार थोड्या गोष्टींना 'हाव' म्हटलं होतं. एक बैलजोडी, एक ट्रॅक्टर आणि पुष्पांजली. बुधवारी ते डोळे दाखवायला बुलढाण्याला आले होते. त्यांना नव्या गाडीतून घरी सोडायचं आणि जाता-जाता 'हाव' वदवून घ्यायचं, असा सरांचा बेत होता.

शोरूममध्ये उकंडरावांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली, टायरला चपलेने टोचून पाहिलं, आणि डिकी उघडायला लावली.

"चारशे ऐंशी लिटर आहे, काका," जीवन म्हणाला.

"लिटर?" उकंडरावांनी मुलाकडे पाहिलं. "दूध न्यायचं हाये काय बे याच्यात?"

"बाबा, ते मोजायची रीत असते."

"पोते किती बसते ते सांग म्हणा."

हा प्रश्न जीवनला ट्रेनिंगमध्ये शिकवला नव्हता. तो म्हणाला, "बसा ना काका, बसून तर पाहा," आणि इथेच पहिली अडचण उभी राहिली. घरातला थोर माणूस पुढे बसतो, हा देऊळघाटचा नियम. टेस्ट ड्राइव्हला आपला माणूस पुढे बसतो, हा कंपनीचा नियम. थोडी ओढाताण झाली आणि कंपनी जिंकली. उकंडराव मागच्या दाराकडे वळले.

मागे छपराचा तो ससा होता. उकंडराव वाकून आत शिरले, सीटवर बसले आणि सरळ झाले, तशी टोपी छपराला लागून थेट नाकावर आली. त्यांनी ती वर केली. ती परत नाकावर आली. त्यांनी डावीकडे कलून पाहिलं, उजवीकडे कलून पाहिलं, जरा पुढे घसरून पाहिलं.

"टोपी काढून घ्या ना काका," जीवन मोकळेपणाने म्हणाला. "एसीची हवा लागंल डोक्याला."

सुलतानपूरचा असूनही जीवन हे बोलला, याचा दोष सरांनी टायला दिला. देऊळघाटात उकंडरावांच्या पिढीचा माणूस घराबाहेर टोपी एकाच वेळी काढतो, कुणी वारल्यावर त्याच्या मातीला जाताना. आधार कार्डाच्या फोटोच्या वेळी उकंडरावांनी त्या फोटोवाल्याशी भांडण केलं होतं आणि शेवटी फोटोवाला हरला होता.

"काऊन, बाबा," सर चाचरत म्हणाले, "राहू देऊ का मंग?"

उकंडरावांनी आरशातून लेकाचा चेहरा पाहिला. सत्तेचाळीस वर्षांचा लेक, पण चेहऱ्यावर जत्रेत पाळण्यापाशी अडून बसलेल्या पोराचा भाव होता. त्यांनी टोपी काढली, नीट घडी घातली आणि गुडघ्यावर ठेवली. टोपी गेली तरी डोकं छपराला लागतच होतं, म्हणून ते मान खाली घालून बसले.

"चाल," ते म्हणाले.

सरांना भरून आलं. अर्धं 'हाव' तर मिळालंच, असं त्यांनी धरलं आणि बटण दाबलं. इंजिन खालच्या पट्टीत गुरगुरलं. स्टिअरिंग बोटाने फिरत होतं. पाय नुसता टेकवला तरी गाडी अंग चोरून पुढे झेपावायची. जयस्तंभ चौकापर्यंत सरांना आपण वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं. त्यानंतर गतिरोधक सुरू झाले.

"हळू सर! तिरपी घ्या, तिरपी!" जीवन दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून ओरडला. "खालून लागते. पुढचं बंपर मागच्याच महिन्यात बदललं."

देऊळघाटच्या रस्त्यावर गतिरोधक कुणी मोजत नाही. ज्याच्या दारावरून रस्ता जातो, तो आपला एक टाकून घेतो. सर प्रत्येक गतिरोधकावर गाडी थांबवत, तिरपी करत, मुंगीच्या पावलाने पलीकडे नेत, आणि जरा सुटली की पुढचा येई. अशात एसी वाढवायला गेले आणि लाल त्रिकोणाचं बटण दाबलं गेलं. चारी दिवे उघडझाप करू लागले.

"राहू द्या सर," जीवन म्हणाला. "सेफ्टी."

फाट्यावरच्या टपरीवर महादेवराव चहा पीत बसले होते. पंचक्रोशीतली एकही माती न चुकवलेला माणूस. त्यांनी पाहिलं, की एक लांब काळी गाडी दिवे लुकलुकवत चालत्या माणसाच्या वेगाने येते आहे. काच काळी असली तरी मागे बसलेला माणूस ओळखू येत होता. उकंडराव. मान खाली. डोकं उघडं. टोपी गुडघ्यावर.

महादेवरावांनी हाक मारली नाही. अशा वेळी हाक मारत नसतात. त्यांनी उरलेला चहा बशीसकट खाली ठेवला, आपली टोपी काढून खिशात घातली आणि मोटरसायकलला किक मारली. "उकंडरावाच्या घरचं हाये रे," एवढंच ते टपरीवाल्याला म्हणाले. टपरीवाल्याने फोन काढला.

सरांना आरशात आधी एक मोटरसायकल दिसली, मग चार, मग एक मालवाहू रिक्षा, तिच्यात मागे उभी असलेली सहा-सात माणसं. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं, कुणी ओलांडून जात नव्हतं. सगळे गाडीकडे एकटक पाहत होते.

"पाहा बाबा," सर खुशीत म्हणाले, "लोक कसे मागं लागले गाडी पाहाले!"

"मले कुठी दिसते," उकंडराव गुडघ्याकडे पाहत म्हणाले. "मले माह्ये पायच दिसून राह्यले."

"सर, आता साउंड सिस्टिम ऐका," जीवन म्हणाला. त्याने सरांचा फोन गाडीला जोडून दिला. "आठ स्पीकर. गाणं लावलं की मैफिलीत बसल्यासारखं वाटते बघा."

गाणं लागायच्या आधीच फोन वाजला. पुष्पांजलीताई त्यांच्या नोकरीच्या शाळेतून बोलत होत्या, आणि रडत होत्या.

"अहो, कुठं पोहोचलात? बाबांजवळ बसा तुम्ही, गाडी दुसऱ्या कुणाला चालवू द्या." आठही स्पीकरांतून हुंदका आला. "मला आत्ताच फोन आला देऊळघाटवरून. आई गेल्या म्हणे. सकाळी तर बोलल्या हो माझ्याशी..."

पुढे आवाज तुटला. जीवनचा हात बटणावर तसाच राहिला.

सरांनी आईला फोन लावला. घंटा आठ स्पीकरांतून वाजत राहिली आणि बंद पडली. परत लावला. परत बंद पडली.

"सकाळी भाकर बांधून देल्ली तिनं मले," मागून उकंडरावांचा आवाज आला. अगदी रोजचा आवाज होता. "म्हणे, डोळ्यात टाकाचं औषध विसरू नका." मग ते म्हणाले, "गोकुळ, पळव बे गाडी."

हे वाक्य ऐकायला सर जन्मभर थांबले होते. त्यांनी डोळे पुसले आणि स्पोर्ट मोडचं बटण दाबलं. काटे तांबडे झाले, इंजिनाने डरकाळी फोडली. पण तोवर चार मोटरसायकली रस्ता मोकळा करायला म्हणून पुढे गेल्या होत्या. त्या दोन-दोनच्या जोडीने, मान खाली घालून, संथ चालल्या होत्या. सरांनी हॉर्न दिला. पुढच्यांनी वळून पाहिलं. पोराच्या दुःखाचा बांध फुटला, असं त्यांना वाटलं, आणि मान म्हणून त्यांनी वेग आणखी कमी केला. सर खिडकीतून "सरका! सरका!" असं ओरडले. "धीर धर बापू," एक जण मागे वळून म्हणाला.

देऊळघाटात सरांच्या आई रुखमाबाई अंगणात तूर पाखडत बसल्या होत्या. फोन आत भिंतीतल्या देवळीत चार्जिंगला होता. त्यांना आधी मोटरसायकली दिसल्या, मग काळी गाडी, मग माणसं, आणि प्रत्येकाचं डोकं उघडं. गाडी अंगणाच्या तोंडाशी थांबली. उकंडरावांनी दार उघडलं, पण सीट इतकी खाली आणि गुडघे इतके जुने, की ते उठेनात. तेव्हा महादेवरावांसकट चार जण पुढे झाले आणि त्यांनी उकंडरावांना खांद्याला धरून हळूहळू बाहेर घेतलं.

चार माणसं आपल्या नवऱ्याला काळ्या गाडीतून बाहेर काढत आहेत, एवढंच रुखमाबाईंना दिसलं. सूप हातातून सुटलं आणि त्यांनी जी किंकाळी फोडली ती शेवटच्या आळीपर्यंत गेली.

त्या किंकाळीने उकंडरावांनी मान वर केली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तू हायेस?" उकंडराव म्हणाले.

"मंग कुठी जाईन?" रुखमाबाई म्हणाल्या. मग त्यांचा पारा चढला. "अन् तुमची टोपी कुठी हाये, गोकुळचे बाबा? उघड्या डोक्यानं फिरून राह्यले गावभर!"

महादेवरावांनी खिशातली टोपी काढून हळूच डोक्यावर ठेवली. त्यांच्या मागोमाग बाकीच्यांनीही. "मंग," त्यांनी विचारलं, कारण एवढी माणसं आली होती आणि कुणीतरी विचारणं भागच होतं, "गेलं कोण?"

सगळ्यांनी गोकुळ सरांकडे पाहिलं.

"टेस्ट ड्राइव्ह होती," सर म्हणाले.

रुखमाबाई आत गेल्या, आधी सुनेला फोन लावून तिला धड बोलू न देता झापलं आणि मग मोठ्या पातेल्यात चहा चढवला. ज्या घरात माती झाली त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. त्यामुळे चहाचा वास आल्यावरच गर्दीची खात्री पटली आणि लोक ओट्यावर ऐसपैस बसले. गाडीभोवतीही घोळका झाला. कुणी दार मिटून पाहिलं, कुणी बॉनेटवर हात फिरवला. "गाडी त लय भारी हाये बे, गोकुळ," असं तीन-चार जण म्हणाले. सरांच्या मनात आशा परत उगवली.

उकंडराव बाजेवर बसले होते. त्यांनी मुठीतली टोपी उलगडली, दोन्ही हातांनी डोक्यावर बसवली आणि बोटाने मागची कड चाचपली.

"बाबा," सर जवळ जाऊन हळूच म्हणाले. "मंग गाडी कशी वाटली?"

उकंडरावांनी गाडीकडे पुष्कळ वेळ पाहिलं. "चांगली हाये," ते म्हणाले. "आवाज त साफच येते."

"मंग हाव म्हणू का?"

उकंडरावांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आतून कपबशांचा आवाज येत होता.

"नाही," ते म्हणाले.

"काका, सनरूफवालं मॉडेल पण आहे," जीवनने शेवटचा प्रयत्न केला. "वर छप्पर उघडतं."

"बरं हाये," महादेवराव बशीत चहा ओतत म्हणाले. "टोपी बाहेर निंगाले जागा."

परतताना गाडी जीवनने चालवली. सर शेजारी बसले होते, आणि समोरच्या पडद्यावर दिवसभराच्या प्रवासाची माहिती दिसत होती. गाडीने त्या दिवशी गाठलेला सर्वाधिक वेग ताशी अडतीस किलोमीटर होता, आणि तोही उतारावर.