पहिला खण

सातपूरच्या त्या कारखान्याच्या गेटवर छोट्या छोट्या खणांचं एक लाकडी कपाट आहे. आत गिऱ्हाइकांच्या पार्टांची ड्रॉइंगं असतात, म्हणून कॅमेऱ्याचा फोन आत न्यायचा नाही. येताना खणात ठेवायचा, जाताना घ्यायचा. असे नियम सगळीकडेच असतात आणि साहेबलोक सोडून बाकी सगळ्यांना असतात. पण इथले मॅनेजर भामरे साहेब रोज सकाळी कामगारांबरोबर रांगेत उभे राहत आणि पहिल्या खणात आपला फोन ठेवत. मग कुणाची बिशाद होती फोन खिशात लपवायची?

गेटवर बसणाऱ्या छायाला याचा कोण अभिमान! तिच्या आधीच्या वॉचमनने एका कामगाराचा वाजणारा फोन उचलला होता आणि बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला ओटीपी वाचून दाखवला होता. त्या बिचाऱ्याचं खातं साफ झालं. तेव्हापासून साहेबांनी बजावलं होतं, "कुणाचाही फोन वाजो, हात लावायचा नाही. माझासुद्धा." एकदा त्यांचा फोन वाजला म्हणून छायाने आत निरोप धाडला, तर बाहेर येऊन ते शांतपणे म्हणाले, "छायाताई, बाकीच्यांना देता का असा निरोप? मग मलाच कशाला?" ती ओशाळली, पण मनातून तिला ते फार आवडलं होतं.

त्या दुपारी पहिल्या खणातला फोन वाजला. स्क्रीनवर नाव होतं 'मोहिनी', साहेबांची बायको. थांबला, पुन्हा वाजला. छायाने हात पुढे केला आणि मागे घेतला. इंटरकॉमकडे पाहिलं, पण साहेबांचं बोलणं आठवलं. फोन वाजत राहिला आणि मग गप्प झाला. थांबला बाई एकदाचा, असंच तिला वाटलं.

मोहिनीताई घरी एकट्याच होत्या. छातीत कळ आली तेव्हा त्यांनी नवऱ्यालाच हाक मारली होती. संध्याकाळी साहेब घरी पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं.

तेरावं उरकून साहेब कामावर आले. आज त्यांनी फोन खिशातच ठेवला असता तरी रांगेतून कुणी चकार शब्द काढला नसता. छायाला मात्र राहवलं नाही. ती रडायलाच लागली.

"साहेब, लय वेळ वाजत व्हता. म्या हात लावला नाय. निरोप बी नाय दिला."

"मीच तसं शिकवलं होतं तुम्हाला," साहेब म्हणाले. "फोनला हात लावू नका, तो नियम तसाच राहू दे. पण यापुढे कुणाचाही सारखा वाजला तर आत निरोप द्या. लगेच."

त्यांनी फोन काढला आणि पहिल्या खणात ठेवला.

"तुमचा वाजला तरी देईन, साहेब."

"माझा?" साहेब जाता जाता थांबले. "आता कोण करणार आहे, छायाताई?"

ते आत गेले. मागच्यांनी एकेक फोन खणात ठेवला. छाया दिवसभर पहिल्या खणाकडे बघत बसली. तो वाजला नाही.