कमरेला कसलेलं फडकं

त्या घरात संडास एकच होता आणि सकाळी तो पुरुषांचा. आधी सासऱ्यांनी जायचं, मग मुलाने. दोघं वेल्डिंगच्या कामावर गेले, की मग बायकांनी. तोवर पोटातली कळ दाबून डबे भरायचे. बायकांना कसली आलीय घाई, असं त्या घरात हसत हसत म्हणायचे.

सासूबाई सून म्हणून आल्यापासून कळ दाबत होत्या. पोट खड्यासारखं घट्ट झालेलं. कुंथून कुंथून शौचाची जागाच बाहेर यायची. ती बोटांनी आत ढकलायची, खालून फडकं घेऊन कमरेला कसायचं आणि कामाला लागायचं. हे त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी पुरुष जेवत होते, सासूबाई बाजूलाच पोळ्या भाजत होत्या. सून हळूच म्हणाली, "अहो, उद्या मला दवाखान्यात भरती व्हायचंय. शौचाची जागा बाहेर येते. पोटाला लहान छिद्रं पाडून दुर्बिणीने ऑपरेशन करतात. आतडं वर ओढून टाके घालतात."

"डॉक्टर बाई आहे?" मुलाने विचारलं.

"नाही. पुरुष आहेत."

ताट भिंतीवर आदळलं. मुलाने तिचे केस धरून डोकं चौकटीवर आपटलं. "परक्या माणसासमोर उघडी झालीस?" ती पडली, तशी कमरेत लाथ बसली. दुसरी बसली. तिच्या कपड्यांवर मागून रक्त पसरलं.

"दे अजून," सासरे घास चावत म्हणाले. "घराची अब्रू घालवली."

अब्रू म्हणजे काय, तर बाईने मुकाट्याने कुजायचं!

तो डाग सासूबाईंच्या ओळखीचा होता. आपल्या कपड्यांवरचे तसलेच डाग त्या सगळ्यांच्या आधी उठून धूत आल्या होत्या. तिसऱ्यांदा पाय उचलला गेला आणि त्यांनी तव्यावरचं तापलेलं उलथनं मुलाच्या नडगीवर हाणलं. कातडी चरचरली. तो किंचाळत खाली बसला.

"आता हात लाव तिला!" त्यांनी कमरेचं रक्ताळलेलं फडकं सोडून नवऱ्याच्या ताटात टाकलं. "हे बांधून जन्मभर वाढलं तुम्हाला. आता मीही दाखवणार, त्याच डॉक्टरला. घाला लाथ!"

सासऱ्यांनी ताट दूर सारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संडासाची कडी आतून लागलेली होती. बाहेर सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर उलथनं घेऊन. मुलगा पोट धरून लंगडत आला.

"आई, कोण आहे आत? मला घाई आहे गं."

"सूनबाई आहे. मग मी जाणार. मग आम्ही दोघी दवाखान्यात जाणार," त्या म्हणाल्या. "तोवर कळ दाब."