एकाच रिंगचं मैदान

"टाक ना व कोकिळे! चेंडू तुया हातात, रिंग तुयासमोर, आनखी काय पाह्यजे तुले?"

थूल सर ओरडले आणि कोकिळाने नेहमीप्रमाणे चेंडू माझ्याकडे दिला. मी तो रिंगमध्ये टाकला. सरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी संघाची कॅप्टन, निम्मे गुण माझेच. पण त्या माणसाला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं.

आर्वीच्या आमच्या मुलींच्या शाळेत थूल सर पीटी शिकवायचे. बास्केटबॉल त्यांनीच सुरू केला होता. मैदान मुरमाचं आणि रिंग एकच. दुसऱ्या टोकाला खांबच नव्हता. ते एकोणऐंशी साल. "जिल्ह्याचा कप आणा, दुसरा खांब लगेच रोवून देतो," असं मुख्याध्यापक प्रभाकररावांनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. आम्ही त्या खांबासाठी जीव टाकत होतो. सर जीव टाकत होते कोकिळासाठी.

ती नववीतली, उंच, अंग चोरून चालणारी. शाळा सुटल्यावर सर तिला थांबवून घ्यायचे. कोपर आत, गुडघे वाकव, बोटांनी सोड. एकटी असली की तिचा नेम सुरेख. सामना सुरू झाला की मात्र हाताला चटका बसल्यासारखी ती चेंडू दुसरीकडे देऊन टाकायची.

"काऊन टाकत नाई व?" सरांनी एकदा विचारलं.

"चुकला त सगळ्या मायाच नावानं बोटं मोडतीन, सर."

"मोडू दे. बोटं त्याइची हायेत."

मला राहवलं नाही. "सर, तिले बाहेर बसवा ना. कप आनाचा हाय आपल्याले."

"कप बाजारात भेटते, सुलोचना. हे पोरगी कुठं भेटन?"

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

फायनल वर्ध्याला झाली. सामना संपत आला होता, आम्ही एका गुणाने पुढे होतो, आणि आमची एक मुलगी पाच फाऊल होऊन बाहेर गेली. सरांनी कोकिळाला उठवलं.

"अहो थूल, हिला?" प्रभाकरराव खुर्चीतून म्हणाले. सरांना ते ऐकूच आलं नाही, किंवा त्यांनी तसं दाखवलं.

चेंडू कोकिळाकडे गेला. "मले दे!" मी ओरडले. तिने दिला नाही. ती वळली, गुडघे वाकले, कोपर आत आलं, आणि चेंडू रिंगला न शिवता जाळीतून गेला.

रिंग आमचीच होती, आता आम्ही राखायची. हाफ टाइमनंतर बाजू बदलल्या होत्या. आदला अख्खा हाफ तिने बाहेर बसून आम्हाला त्याच रिंगमध्ये टाकताना पाहिलं होतं, आणि घरच्या मैदानावर बाजू बदलायची सवय तरी कुठं होती? दोन गुण समोरच्यांना मिळाले. मैदानभर हशा पिकला. कोकिळाने तोंड ओंजळीत लपवलं.

त्या हशात कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. थूल सर. त्यांनी टाइम आऊट घेतला.

"काय टाकला व! सुलोचना, कोपर पाह्यलं काय तिचं? आता तस्साच तिकडच्या रिंगमधी टाकजो."

शेवटचा चेंडू पुन्हा तिच्याकडेच आला, आणि खरंच तिने टाकला. तो रिंगच्या कडेवर फिरला आणि बाहेर पडला. शिट्टी झाली. आम्ही एका गुणाने हरलो. मला रडू आवरेना.

परतताना एसटीत प्रभाकररावांनी विचारलं, "त्या मुलीला चेंडू टाकायला सांगितलं कोणी?"

"मीनं. दोन वर्षांपासून तेच सांगून राह्यलो, सर. आज आयकलं तिनं."

"मग आता खांब विसरा."

सोमवारी कोकिळा मैदानाच्या काठावरच उभी राहिली. "मी टीममधून नाव काढाले आली, सर."

सरांनी वर्गातून एक बाक ओढत आणला, मैदानाच्या रिकाम्या टोकाला ठेवला आणि ते त्यावर चढले. दोन्ही हात पुढे करून त्यांनी बोटांत बोटं गुंतवली.

"हे आपली दुसरी रिंग. पह्यल्या हाफमधी तिकडं, दुसऱ्या हाफमधी मायाकडं. ये."

हरल्यापासून पहिल्यांदा आम्ही हसलो. कोकिळा हसली नाही. "तुमाले लागन, सर."

"लागू दे."

तिने चपला काढल्या. पहिला चेंडू सरांच्या खांद्याला लागला, दुसऱ्याने चष्मा उडाला. मी धावत जाऊन तो उचलला आणि पुसून वर धरला.

"राहू दे तुयाजवळ," सर म्हणाले. चष्म्याशिवाय त्यांना येणारा चेंडू दिसत नव्हता. तरी त्यांनी हात सोडले नाहीत.