प्रश्नाचा शुक्रवार

स्कॉटलंडच्या टोकाला असलेल्या आमच्या लुईस बेटावर प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, वर्षातून दोनदाच असतं, आणि ते एका दिवसात उरकत नाही. गुरुवारी उपवास, शुक्रवारी प्रश्न, शनिवारी तयारी, रविवारी भोजन आणि सोमवारी आभार. उपवास हा नुसता नावाचा. आसपासच्या गावांतून पाहुणे येतात, घरोघर उतरतात, आणि नेमकं त्याच दिवशी माझ्या चुलीवर सगळ्यात मोठं पातेलं चढतं. माझी तक्रार नाही. मला पाहुणे आवडतात, फक्त त्यांनी माझ्या सूपला नावं ठेवू नयेत.

या सगळ्या गडबडीत मला दरवेळी एकच गोष्ट हवी असायची आणि तेवढी सोडून बाकी सगळं मिळायचं. रविवारी भोजनाला बसणारे आपल्या जागेवरून उठतात आणि पांढरं कापड अंथरलेल्या पुढच्या बाकांवर जाऊन बसतात. बाकीचे मागेच राहतात. लग्न झाल्यापासून मी उठून पुढे जायची आणि माझा नवरा टॉर्किल मागे राहायचा. भाकर हातोहात पुढे येते. मला ती कधी कुणा विधवेच्या हातून मिळाली, कधी कुणा कोळ्याच्या. ज्या माणसाशेजारी मी चाळीस वर्षं झोपले, त्याच्या हातून कधीच नाही.

टॉर्किल नास्तिक होता असं समजू नका. त्यानं गावच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. रविवार त्यानं कधी चुकवला नाही. पवित्र शास्त्र त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ. पण भोजनाचं नाव काढलं की त्याचं एकच पालुपद, पुरावा. "देव असावा असं मला वाटतं, डोलिना," तो म्हणायचा, "पण 'मला वाटतं' हे उत्तर मी वर्गात कुणाचं घेतलं नाही, तर स्वतःचं कसं घेऊ?" आमच्या बेटावर जन्मभर मागे बसून राहिलेली माणसं पुष्कळ आहेत. आपल्यात खऱ्या विश्वासाची खूण सापडत नाही म्हणून ती बिचारी भीतीनं थांबतात. माझा नवरा हातात मोजपट्टी घेऊन थांबला होता.

त्या ऑगस्टमध्ये उपदेशाला ग्लासगोहून रॉडरिक मॅकआस्किल नावाचे पाळक आले आणि आमच्याकडे उतरले. वयानं माझ्या मुलासारखे, पण पाळक ते पाळक. गुरुवारी दुपारी जेवायला फिनलेही होता. फिनले आमच्या मंडळीतला वडील, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक, धंद्यानं विणकर, आणि टॉर्किलचा लहानपणापासूनचा सोबती. त्या दोघांचा वाद शाळेत सुरू झाला तो अजून संपलेला नाही.

टॉर्किलनं घरधनी म्हणून जेवणाची प्रार्थना म्हटली, छान म्हटली, आणि 'आमेन'च्या पाठोपाठ म्हणाला, "पाळकसाहेब, तुम्ही कॉलेजात शिकलेले. विश्वासाला पुरावा असतो की नसतो तेवढं सांगा, मग बटाटे घ्या."

"टॉर्किल!" मी म्हणाले.

"घेऊ देत की बटाटे. मी काय त्यांचा हात धरलाय?"

पाळक हसले. "असतो तर. येशूची कबर रिकामी आहे ही बातमी आधी कोणी आणली? बायकांनी. आणि त्या काळी बाईच्या साक्षीला कोर्टात किंमत नव्हती. गोष्ट रचायचीच असती, तर रचणाऱ्यानं दोन दाढीवाले भारदस्त पुरुष नसते का उभे केले?"

टॉर्किलनं चमचा खाली ठेवला. "हे बरं आहे. हे मला आवडलं. म्हणजे त्या बायका तसं खरंच म्हणाल्या, एवढं धरून चालू."

"मग पुढचंही धरा. त्या खोटं का बोलतील? आणि पुढे शिष्य त्यापायी मरायला का तयार होतील?"

"खोटं बोलल्या असं मी म्हणतच नाही. पण प्रामाणिक माणूसही चुकतो, साहेब. चुकीच्या गोष्टीसाठी मेलेली चांगली माणसं काय थोडी आहेत? मला साक्षीदाराला समोर बसवून चार प्रश्न विचारायचेत. आणि माझा साक्षीदार दोन हजार वर्षांपूर्वी वारलाय, त्याला मी काय करू?"

"हा असाच आहे," फिनले म्हणाला. "समोर वाढलेलं ताट आहे, भूकही लागलीय, आणि हा विचारतोय की स्वयंपाक कोणी केला."

"स्वयंपाक कोणी केलाय ते माहीत आहे मला. म्हणून तर मुकाट्यानं खातोय."

माझं डोकं मघापासून वेगळ्याच ठिकाणी अडकलं होतं. "बायकांची साक्ष एवढी मोलाची," मी सूप वाढता वाढता विचारलं, "तर शुक्रवारी आम्हाला तोंड का उघडू देत नाही?"

पाळकांचे कान लाल झाले. फिनलेला एकदम आपल्या ताटातल्या बटाट्यात फार रस वाटू लागला. टॉर्किल मात्र पोट धरून हसला.

शुक्रवारचं सांगायला हवं. त्या दिवशी उपदेश नसतो. वडिलांपैकी एकजण उठून प्रश्न टाकतो, आणि पाळक एकेका पुरुषाचं नाव घेऊन त्याला उभं करतात. त्यानं आपल्या आयुष्यात जे पाहिलं त्यावरून उत्तर द्यायचं. बोलायचं ते फक्त भोजनाला बसणाऱ्यांनी. हा नियम आमच्या पोराटोरांनाही माहीत आहे, आणि म्हणूनच टॉर्किल त्यांच्यातला नाही हे नव्या पाळकांना सांगायचं कोणाच्याही डोक्यात आलं नाही. त्यांनी त्याची प्रार्थना ऐकली होती, त्याचं शास्त्र ऐकलं होतं. मास्तर भोजनाला बसत नसतील असं त्यांच्या मनात तरी कसं यावं?

त्या शुक्रवारी फिनलेनंच प्रश्न टाकला. "ज्याचा विश्वास खरा आहे त्याची खूण काय, आणि ती बघणाऱ्याला दिसते का?" बोलताना त्यानं छताकडे पाहिलं, पण बाण कुणासाठी होता ते मला कळलं. एकजण बोलला, दुसरा बोलला, तिसरा फार वेळ बोलला. मग मॅकआस्किल पाळक म्हणाले, "टॉर्किल मॅकफेल, आपण बोला."

फिनले अर्धवट उठला आणि तसाच राहिला. पाळकांशेजारचे एक वडील त्यांच्या कानाशी वाकले, आणि पाळकांचा चेहरा पांढराफटक पडला. टॉर्किलला मी ओळखते. 'मी भोजनाला बसत नाही' एवढं सगळ्यांदेखत म्हणून तो खाली बसला असता, तर त्या अपमानानंतर तो पुन्हा त्या दारातून आत आला नसता. मागचा बाकसुद्धा रिकामा झाला असता.

टॉर्किल सावकाश उभा राहिला. "पाळकसाहेब, तुमची चूक झाली. मी इथे बोलणाऱ्यांतला नाही. तुम्ही सांगा, बसतो."

पाळकांनी एकदा शेजारच्या वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी फिनलेकडे पाहिलं. फिनले म्हणाला, "उठलाच आहे तर बोलू द्या. एरवी ऐकवतोच, आज उत्तर तरी देईल."

"माझ्या स्वतःत खूण शोधली, मला सापडली नाही," टॉर्किल म्हणाला. "पण फिनले विचारतोय ती बघणाऱ्याला दिसते का. तर मी एक पाहिली आहे. माझी आई शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळून होती. एफी मॅकफेल कशी होती हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे."

सगळ्यांना ठाऊक होतं. दोनतीन बायकांनी मान हलवली.

"तिनं एकदा गरम सूपचा वाडगा माझ्या बायकोच्या अंगावर फेकला. बायको बाहेर गेली. मागे जळणाचा ढीग आहे, तिथे उभी राहून ती जे काही बोलली ते मी इथे सांगणार नाही."

एक वडील खाकरले. माझे गाल पेटले होते. जमीन दुभंगली असती तर मी खुशीनं आत गेले असते.

"मग ती गप्प झाली. बराच वेळ. आणि आत येऊन तिनं दुसरा वाडगा भरला आणि आईला चमच्यानं भरवला. आता मी मास्तर आहे. एखादी गोष्ट घडली की तिचं कारण शोधायचं, एवढंच मला येतं. पैशासाठी म्हणावं, तर आईकडे काहीच नव्हतं. लोकांनी चांगलं म्हणावं म्हणून म्हणावं, तर तिथे बघायला कोणी नव्हतं. मी खिडकीत होतो ते तिला आजवर माहीत नाही. स्वभावच गोड म्हणावा, तर..." तो थांबला. "तर तुम्ही सगळे डोलिनाला ओळखता."

आमच्या चर्चमध्ये कोणी हसत नाही. त्या दिवशी हसले. फिनले तर डोळे पुसत होता.

"हे एकदा झालं असतं तर योगायोग म्हणालो असतो. पण आई जाईपर्यंत ते होत राहिलं. मला माहीत असलेली सगळी कारणं मी एकेक करून खोडली. उरलं ते एकच, जे ती स्वतः सांगते. आणि या साक्षीदाराला मी चाळीस वर्षं उलटसुलट तपासलंय. टोपीच्या किमतीखेरीज ती माझ्याशी कधी खोटं बोललेली नाही." त्यानं फिनलेकडे पाहिलं. "एवढा पुरावा हातात असून एखाद्या पोरानं उत्तराची जागा कोरी सोडली असती, तर मी त्याला शून्य दिलं असतं. मी कोरी सोडली आहे. एवढंच."

तो खाली बसला. त्यानंतर पाळकांनी कोणालाच उभं केलं नाही.

बाहेर आल्यावर फिनलेनं त्याला गाठलं. "मास्तर, छान बोललास. पण बायकोच्या शिदोरीवर किती दिवस काढणार?"

"शिदोरी बायकोची असली तरी भूक माझी आहे, फिनले," टॉर्किल म्हणाला.

घरी जाताना रस्ताभर मी त्याला फैलावर घेतलं. "सगळ्या बेटासमोर माझ्या रागाचे वाभाडे काढलेस!"

"साक्ष द्यायची तर पूर्ण द्यावी लागते."

"आणि चुकीची दिलीस! तो दुसरा वाडगा मी हट्टानं नेला होता. ती म्हातारी जिंकायला नको म्हणून."

"तुझा हट्ट मला माहीत आहे, डोलिना. तुझा हट्ट दारं आपटतो." तो रस्त्यातच थांबला. "त्या दिवशी दार आपटलं नाही."

ते खरं होतं. त्या ढिगापाशी शिव्या संपल्यावर मी देवाला म्हटलं होतं की माझ्यातलं सगळं संपलं, आता तुझं काय असेल ते दे. आणि काहीतरी आलं. ते कुठून आलं हे मला पटवून देता येणार नाही, पण ते माझं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. मला वाटायचं ते माझं मलाच माहीत. खिडकीत कोणी उभं होतं आणि त्यानं ते एवढी वर्षं जपून ठेवलं होतं, या विचारानं मला चालता चालता रडू आलं. टॉर्किलला वाटलं मी अजून रागावलेली आहे, आणि मी त्याला तसंच वाटू दिलं.

शनिवारची उपासना संपली की बाजूच्या खोलीत वडील बसतात, आणि ज्यांना पहिल्यांदा भोजनाला यायचं असेल त्यांनी तिथे जायचं असतं. मी थांबले नाही. शब्बाथला, म्हणजे रविवारी, आमच्याकडे बटाट्याला सुरी लागत नाही, म्हणून सगळं सोलणं-चिरणं आदल्या दिवशीच उरकावं लागतं, आणि घरात पाहुणे भरलेले. टॉर्किल उशिरा आला.

"कुठे होतास?"

"फिनलेशी बोलत होतो."

फिनलेशी तो रोजच बोलतो. मी पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि 'नाही' ऐकायची माझी तयारी नव्हती. मी खाली मान घालून बटाटे सोलत राहिले. त्यानं दुसरी सुरी घेतली आणि शेजारी बसून सोलू लागला, आणि नेहमीप्रमाणे निम्मा बटाटा सालाबरोबर फेकला.

रविवारी स्तोत्र सुरू झालं तशी मी उठले. उठल्यावर मागे वळून बघायचं नाही ही माझी जुनी शिस्त. बघितलं की भाकर घशाखाली उतरत नाही. पुढे जाऊन मी पांढऱ्या कापडाच्या बाकावर कडेला बसले आणि डोळे मिटले. स्तोत्र संपत आलं. शेजारी कोणीतरी येऊन उभं राहिलं. उशिरा येणाऱ्यांचा मला मनस्वी राग आहे, म्हणून मी डोळे उघडलेच नाहीत.

"डोलिना," तो माणूस हळूच म्हणाला, "सरक जरा."

मी सरकले. कशी सरकले ते आठवत नाही. तो बसला, आणि त्याच्या कोटाला आमच्या घरच्या धुराचा वास होता. पाळकांचं बोलणं माझ्या कानावरून गेलं. मग त्याच्या बाजूनं ताटली आली. त्यानं भाकरीचा तुकडा घेतला, खाल्ला, आणि ताटली माझ्यासमोर धरली. मी ती खालून धरली.

या क्षणी देवाचे आभार कसे मानायचे ते मी चाळीस वर्षं मनात घोळवलं होतं. सुंदर शब्द जमवून ठेवले होते. त्यातला एकही आठवला नाही. भोजनाला बसलेलं कोणी आमच्याकडे कधी बोलत नाही. पण जेवताना कोणी मीठ पुढे केलं की म्हणावं, तसं मी चांगलं मोठ्यानं म्हणाले, "आभारी आहे."