नगरसेवक क्रोटींचा डावा पाय

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुमच्या डाव्या पायाला काहीच कळत नाही. थंडी नाही, खडा नाही, गुदगुल्यासुद्धा नाहीत. जमलं? मग आता तुम्ही मीच झालात. मी एक जुना लाकडी पाय आहे.

माझा जन्म अमेरिकेतला. विलो नावाच्या झाडाच्या हलक्या लाकडातून एका कारागिराने मला कोरलं आणि वर चामड्याचे पट्टे लावले. तेव्हा तिथे यादवी युद्ध चाललं होतं. आयर्लंडमधून पोटासाठी तिकडे गेलेला डॅनियल क्रोटी नावाचा तरुण त्यात शिपाई होता. तोफेच्या गोळ्याने त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. त्या जागी मी आलो. त्याला फार दुखलं असेल. मला काही जाणवलं नाही.

युद्ध संपल्यावर तो नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला. लंगड्याला पाहून लोक हसतील म्हणून त्याने मला पेटीत ठेवलं आणि घरी बसून मतदारांना पत्रं लिहिली. तो हरला. "क्रोटी? तो अजून जिवंत आहे?" असं लोक म्हणाले.

पुढच्या वेळी त्याने मला बांधलं. रोज एक गल्ली, त्यातलं प्रत्येक दार. जिन्यावर माझा ठकठक आवाज आला की आतून मुलं ओरडत, "आई, क्रोटी आला!" दोनदा तो पडला. लोकांनीच उचललं. तो जिंकला आणि नऊ वर्षं नगरसेवक राहिला. त्याने वॉर्डातली उघडी गटारं झाकली. त्याची मिरवणूक निघाली, मला पितळी कडं मिळालं. म्हातारपणी तो आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात भावाच्या घरी परतला. पुढे तो वारला आणि मी कपाटात गेलो. किती वर्षं, ते मला ठाऊक नाही.

२०२१ च्या मार्चमध्ये ते कपाट उघडलं. आता या घरात डॉक्टर उल्का भाड्याने राहतात. कपाट उघडणारी शर्वाणी त्यांची नऊ वर्षांची मुलगी. उल्काचे वडील हेमचंद्र आजोबा सांगलीहून नातीला भेटायला आले आणि टाळेबंदीत अडकले. मधुमेहामुळे त्यांचा डावा पाय इथेच कापावा लागला. नवा कृत्रिम पाय मिळाला होता, पण तो पलंगाखाली पडून होता. सगळ्यांना घरापासून पाच किलोमीटर फिरायची मुभा होती. आजोबा पलंगावरून खुर्चीत जात.

"बाबा, नवा पाय मिळून महिना झाला," उल्का म्हणाली. "गुडघा एकदा आखडला की कायमची चाकाची खुर्ची. सांगलीच्या घराला दोन जिने आहेत."

"असू दे. मला काही वाटत नाही."

मित्रांनो, हे वाक्य मी म्हटलं तर चालतं. मी लाकूड आहे.

शर्वाणीने कुंपणापलीकडून घरमालक क्रोटींना, म्हणजे डॅनियलच्या भावाच्या वंशजांना, माझी हकीकत विचारली आणि मला घेऊन ती आजोबांकडे धावली.

"आजोबा, युअर मॅन फर्स्ट टाइम हरला. बिकॉज तो घरी बसला."

"कोण हा युअर मॅन?"

"ह्या लेगचा ओनर!" आयर्लंडमध्ये 'तो माणूस' म्हणायचं असलं की 'युअर मॅन' म्हणतात.

आजोबांनी माझे पट्टे चाचपले. "लोक हसले असतील गं त्याला."

"हो, हसले. मग व्होट दिलं."

"चहाटळ कुठली," आजोबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मित्रांनो, मला तेलपाणी नको, काचेची पेटीही नको. फक्त एक मागतो. तुमच्या घरात कुणी असं भिंतीकडे तोंड करून पडलं असेल, तर त्याला तसंच राहू देऊ नका.

शर्वाणीने मला खाली ठेवलं. पलंगाखालून आजोबांचा नवा पाय ओढून काढला आणि त्यावरची धूळ पुसली. मग त्यांचे बूट आणले. डावा बूट नव्या पायात घालून नाडीला दुहेरी गाठ मारली, उजवा शेजारी ठेवला. स्वतःचा कोट घातला आणि बाहेर फाटकाशी जाऊन ती उभी राहिली. दार तिने उघडंच ठेवलं होतं.